बारा व्होल्टच्या बॅटरीवर सहा व्होल्टचा रेडिओ



रात्री पाणी धरायला जाताना पुष्कळ जण रेडिओ सोबत नेतात. सेल संपले की ट्रॅक्टरच्या बॅटरीला तारा थेट जोडायचा मोह होतो. मीही एकदा जोडल्या, अन् चार सेलांचा रेडिओ कायमचा गप्प झाला! चार सेल म्हणजे सहा व्होल्ट. बॅटरी बाराची, आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास जाते.

यावर ७८०६ ही तीन पायांची आयसी वापरावी. अक्षरे आपल्याकडे धरली की डावा पाय बॅटरीच्या धन बाजूचा, मधला ऋण बाजूचा, उजव्यातून सहा व्होल्ट मिळतात. धन तारेत बॅटरीजवळच अर्ध्या अँपिअरचा फ्यूज घाला. पुढे १एन४००७ डायोड, त्याचा पट्टा आयसीकडे. मग तारा उलट लागल्या तरी आयसी वाचते. डाव्या-मधल्या पायांत ०.३३ आणि उजव्या-मधल्यांत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पायांच्या अगदी जवळ डाख द्या.

वरचे व्होल्ट जातात कुठे? उष्णतेत. म्हणून आयसीच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा स्क्रूने आवळा. हा पत्रा ऋण बाजूचाच होतो, त्याला धन तार टेकू देऊ नका.

रेडिओ लगेच जोडू नका हं. आधी मीटर लावा, ५.७५ ते ६.२५ दिसले पाहिजेत. मग रेडिओतले सेल काढा, धन-ऋण खुणा पाहा आणि तारा जोडा.