यंत्राची दृष्टी आणि नागरिक

(संस्थेच्या महोत्सवी समारंभातील भाषण)



चालकावाचून चालणाऱ्या मोटारींविषयी दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को व फिनिक्स ह्या शहरांत वेमो कंपनीच्या अशा मोटारी भाड्याने उतारू नेतात. त्यांना शहर दिसते तरी कसे, हे प्रथम पाहू.

मोटारीवरील लायडर नावाचे यंत्र प्रकाशाचे झोत सोडते, आणि ते परतण्यास लागलेल्या वेळावरून वस्तूचे अंतर काढते. रडार वेग सांगते. कॅमेरा रंग व खुणा टिपतो. शहराचा बारीक नकाशाही आधीपासून जवळ असतो. परंतु एवढ्याने भागत नाही. समोरची वस्तू मोटार, सायकल की पादचारी, हे यंत्राला ठरवावे लागते, आणि ती पुढे कोठे जाईल हे बव्हंशी त्यावरून ताडावे लागते.

हे प्रकार पाडतो कोण? माणूसच. म्हणून माणसाच्या विचारातील उणीव यंत्राच्या दृष्टीत उतरते. 18 मार्च 2018 च्या रात्री ॲरिझोनातील टेंपी शहरी उबर कंपनीच्या चाचणीतील मोटारीने, हाताने सायकल ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीचा बळी घेतला. देखरेखीस बसविलेल्या व्यक्तीचे लक्ष रस्त्यावर नव्हते. परंतु 2019 साली सरकारी चौकशीत असेही आढळले, की आघातापूर्वी 5.6 सेकंद ती स्त्री यंत्राला दिसली होती. दिसली, पण ओळखली गेली नाही! कधी मोटार, कधी सायकल, कधी अज्ञात वस्तू, अशी तिची नोंद बदलत राहिली; आणि नोंद बदलली की मागील हालचालीचा हिशेब पुसला जाई. ठरलेल्या जागेखेरीज अन्यत्र कोणी पायी रस्ता ओलांडील, ही कल्पनाच त्या रचनेत नव्हती.

पटावर नाव नसलेले मूल वर्गाच्या दारात उभे असले, तरी हजेरीत धरले जात नाही, हे आम्हा शिक्षकांस ठाऊक आहे. हा प्रकार तसाच होय.

यंत्र दमत नाही, त्याला झोप येत नाही, हा गुण मोठाच आहे. मात्र यंत्राच्या सोयीसाठी माणसांनीच ठराविक रीतीने चालावे, असा उलटा आग्रह होऊ नये. चाकांच्या खुर्चीतील वृद्ध, हातगाडीवाला, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, ह्या सर्वांचा विचार झाला आहे काय, हे मोटार रस्त्यावर येण्यापूर्वीच विचारणे नागरिकांचा हक्क आहे, आणि कर्तव्यही आहे. अपघातानंतरची चौकशी सत्य सांगते. गेलेला जीव परत आणीत नाही.