अँपवरचे दोन छोटे स्क्रू

आज गाडीतल्या अँपबद्दल बोलू. सबवूफर बसवला, अँप बसवला, तरी आवाज वाढवला की दारातले स्पीकर फाटल्यासारखे वाजतात. मग मित्र विचारतात, "स्पीकर बदलू का?" थांबा! रत्नागिरीत बसून मुंबई-पुण्याहून नवे स्पीकर मागवण्याआधी अँपवरचे एचपीएफ आणि एलपीएफ लिहिलेले दोन स्क्रू बघा. तेच तुमचे क्रॉसओव्हर.

क्रॉसओव्हर म्हणजे कामाची वाटणी. हाय पास दारातल्या स्पीकरला ठरलेल्या आकड्याच्या वरचा आवाज देतो, लो पास सबला खालचा. ही वाटणी का हवी? तेवढाच मोठा आवाज काढायचा, तर फ्रीक्वेन्सी निम्मी झाली की स्पीकरच्या कोनला चौपट हलावं लागतं. 80 हर्ट्झला 1 मिलिमीटर, तर 40 ला 4 आणि 20 ला 16! दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला हे झेपत नाही. आणि गायकाचा आवाजही त्याच कोनवर असतो, म्हणून अख्खं गाणं बिघडतं.

आता सेटिंग. आधी बास बूस्ट शून्यावर. स्टिरिओच्या मेनूतही हाय पास असेल, तर तो बंद करा, नाहीतर आवाज दोनदा कापला जाईल. मग दोन्ही स्क्रू 80 हर्ट्झच्या आसपास ठेवा. स्क्रूवरचे आकडे अंदाजे असतात, त्यामुळे शेवटचा निर्णय कानाचा.

80 च का? त्याच्या खालचा आवाज नक्की कुठून येतोय, हे कानाला सहज कळत नाही. त्यामुळे डिकीतला बास समोरूनच आल्यासारखा वाटतो. लो पास 150 वर नेलात, तर गायकाचा खर्ज मागच्या सीटमागून ऐकू येईल.

आणि 80 ला आवाज एकदम तुटत नाही, तो उतरत जातो. अँपवर 12 डेसिबल पर ऑक्टेव्ह लिहिलं असेल, तर एक सप्तक खाली, म्हणजे 40 ला, सिग्नल साधारण पाव उरतो. म्हणून मधल्या पट्ट्यात दोन्ही स्पीकर वाजतात. तिथे घुमायला लागलं, तर लो पास 70 कडे आणा. उलट बास पोकळ वाटला, तर फेजचं बटण 0 आणि 180 वर फिरवून बघा. ड्रायव्हरच्या सीटवर जिथे भरीव वाटेल, तिथे ठेवा.

तपासायला तबल्याचं गाणं लावा. डग्ग्याची घुमक आणि चाटीची टणक एकाच माणसाच्या हातातली वाटली पाहिजे. आधी गाडी उभी असताना ऐका, मग हातखंब्यापर्यंत चक्कर मारा. धावताना रस्त्याचा आवाज बास गिळतो, तेव्हा सबची लेव्हल किंचित वाढवा, क्रॉसओव्हर हलवू नका.

कोन खरंच फाटला असेल, तर स्पीकर बदलावाच लागेल. पण सेटिंग तेच ठेवलंत, तर नवाही त्याच वाटेने जाईल. खर्चाआधी पाच मिनिटं आणि एक स्क्रू ड्रायव्हर, एवढंच माझं म्हणणं. पुढच्या भागात गेनबद्दल बोलू. ऐकत राहा!