गृहपाठाची वही आणि गावचा तलाव

जून महिन्याच्या अखेरीस आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात आणि त्याच सुमारास धानाचे पऱ्हे टाकायची घाई सुरू होते. मुले शाळेतून घरी येतात, दप्तर कोपऱ्यात ठेवतात. कोणी गुरांकडे पाहते, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळते, आणि रात्री जेवणखाण आटोपल्यावर वही उघडली जाते. याला आपण गृहपाठ म्हणतो. आज मी या गृहपाठाविषयीच चार शब्द बोलणार आहे. गणिताच्या किंवा इंग्रजीच्या नव्हे, तर आठवी ते दहावीच्या वर्गांतील भाषा, इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र या विषयांच्या गृहपाठाविषयी.

हा गृहपाठ बहुतेक ठिकाणी कसा असतो, ते आपण जाणताच. धडा संपला की खालचे प्रश्न लिहून आणायचे. प्रश्न पुस्तकात, उत्तरे गाइडात. मूल एकातून पाहते आणि दुसऱ्यात उतरवते. गुरुजी लाल शाईने खूण करतात, वडील सही करतात, आणि सर्वांना वाटते की अभ्यास झाला! पण यात वाचन कोठे झाले? विचार कोणी केला? हात चालला, डोके मात्र स्वस्थ बसले. पुढे हीच मुले आमच्याकडे महाविद्यालयात येतात. एखाद्या घटनेची पाच कारणे विचारा, धडाधड सांगतील. पण "यातले तुला कोणते पटते आणि का?" असे विचारले की मान खाली जाते. मुले हुशार आहेत, यात शंका नाही. त्यांना हा प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नसतो, एवढेच.

प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ साली केंद्र सरकारला जो अहवाल दिला, त्याचे सार हेच होते की दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या अभ्यासाचे ओझे जास्त जड असते. याला आता तीस वर्षे होऊन गेली. दप्तराच्या वजनाची चर्चा खूप झाली. वहीत काय उतरते, याची मात्र फारशी झाली नाही.

उतरवण्याच्या गृहपाठाचा आणखी एक तोटा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. ज्या घरात आईवडील फारसे शिकलेले नाहीत, त्या घराला हा गृहपाठ मुका करून टाकतो. मूल वही घेऊन बसले की आई म्हणते, "मला काय समजते त्यातले?" हळूहळू मुलालाही वाटू लागते की ज्ञान ते शाळेत आणि गाइडात, आपल्या घरात काही नाही. श्रोतेहो, हे खरे आहे काय?

आपल्या जिल्ह्याकडेच पाहा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. म्हणजे नव्वदीच्या घरातल्या एखाद्या आजोबांनी आपले घर न सोडता तीन राज्ये आणि दोन जिल्हे पाहिले! पुस्तकात राज्यपुनर्रचनेचा जो धडा चार ओळींत येतो, तो त्यांच्या आयुष्यात घडलेला आहे. मग त्या धड्याचा गृहपाठ गाइडातून कशाला? तो आजोबांच्या खाटेजवळ बसून करावा.

तलावाचेच उदाहरण घ्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा भाग तलावांचा. मोठ्या तलावांपासून लहान बोड्यांपर्यंत हजारो जलाशय आपल्या पूर्वजांनी बांधले. ते बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा सांगतात. पुढे मध्यप्रदेश सरकारने १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द केली आणि मालगुजारांचे तलाव सरकारकडे आले. आता आठवीच्या मुलीला एवढेच सांगा: "तुझ्या गावच्या तलावाची हकीगत लिहून आण. पाळ कोणी बांधली असे लोक सांगतात? तुडुम केव्हा उघडायचे, हे पूर्वी कोण ठरवी आणि आता कोण ठरवते? कोणाच्या बांधीला पाणी आधी मिळे? मासे कोण धरी? गाळ केव्हा काढला होता?" या प्रश्नांत इतिहास आहे, भूगोल आहे, नागरिकशास्त्रही आहे, आणि तिने लिहिलेले नीट वाचले तर भाषाही आहे. याचे उत्तर कोणत्याही गाइडात मिळणार नाही. ते तिच्या आजीजवळ आहे, पाण्याच्या पाळीवरून कधी काळी भांडलेल्या शेजाऱ्याजवळ आहे, धिवर मोहल्ल्यात आहे. जी आई "मला काय समजते" म्हणत होती, तीच आता म्हणेल, "थांब, तसे नव्हते ते. मी सांगते."

पण ही माणसे कायम राहणार नाहीत. तुडुम हाताने उघडणारी पिढी आता थकली आहे. त्यांच्याबरोबर जे जाईल, ते पुन्हा कोणत्या ग्रंथात सापडणार नाही. म्हणून हा गृहपाठ मुलांच्या गुणांपुरता नाही, गावाच्या आठवणीचाही आहे.

आता शिक्षकमित्रांसाठी थोडे व्यवहाराचे बोलतो. पहिली गोष्ट निवडीची. सर्वांना एकच विषय देऊ नये. तलाव, आठवडी बाजार, बिडीचे काम, रेल्वे, गावची दंडार, मोहफुलाचा हंगाम असे सहा-सात विषय फळ्यावर लिहावेत आणि मुलाला त्यातला एक निवडू द्यावा. स्वतः निवडलेल्या विषयाला मूल सहसा दगा देत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. ऐन रोवणीत हा गृहपाठ देऊ नका. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे रानात जाणाऱ्या मुलीला रात्री दहा उत्तरे लिहायला लावणे, याला अभ्यास म्हणता येत नाही. रोवणे आटोपते, पोळा होतो. तेथून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचे दिवस यासाठी चांगले. या काळात रोजचा लेखी गृहपाठ कमी करावा. वरचे आणखी एक ओझे म्हणून हे काम दिले, तर मुले तेही कोठून तरी उतरवून आणतील.

तिसरी गोष्ट पुराव्याची. प्रत्येक मुलाने तीन ठिकाणी विचारावे: एक माणूस, एक पुस्तक आणि एक कागद. कागद म्हणजे सातबारा चालेल, जुनी पावती चालेल. विदर्भातल्या गावांसाठी निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज असे कागद असतात. चराई, सरपण, पाणी, मासेमारी यांच्या वहिवाटी त्यांत नोंदलेल्या असतात. गुरुजींनी तलाठ्यांना विनंती करून ते एकदा वर्गाला दाखवावेत. आणि माणूस एक सांगतो, कागद दुसरे सांगतो, असे झाले तर मुलाने घाबरू नये. दोन्ही लिहावे आणि कोणी सांगितले तेही लिहावे. मोठे पंडित तरी याहून वेगळे काय करतात? भवभूतीने आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत आपले गाव विदर्भातले पद्मपूर म्हणून सांगितले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते आमगावजवळचे पदमपूर होय, असे प्रतिपादन केले. सर्व विद्वानांचे त्यावर एकमत नाही. "असे आहे" आणि "असे अमुक म्हणतात" यांतला फरक पंधराव्या वर्षी कळला, तर तो मुलगा पुढे अफवेला आणि मोबाइलवर आलेल्या वाटेल त्या मजकुराला सहजासहजी बळी पडणार नाही.

चौथी गोष्ट तपासण्याची. वर्गात साठ मुले, एकटे गुरुजी, वह्या केव्हा वाचणार? अडचण खरी आहे. म्हणून लेखन दोनच पानांचे ठेवा. झिलईचे कागद, चिकटवलेली चित्रे, दुकानातून तयार करून आणलेली फाइल यांना गुण देऊ नका. आठवड्याला एक तास ठेवा. एका तासात बारा मुलांनी प्रत्येकी तीन मिनिटे उभे राहून सांगावे आणि गुरुजींनी एक प्रश्न विचारावा. पाच आठवड्यांत सारा वर्ग होतो. ज्याने स्वतः केले आहे, तो एका प्रश्नात ओळखू येतो. बोलताना पोवारी, गोंडी, हलबी किंवा झाडीबोलीतला शब्द आला तर मुलाला हसू नका, हसू देऊ नका. तो शब्द वहीत तसाच ठेवून अर्थ पुढे लिहायला सांगा.

याच्या जोडीला स्वतंत्र वाचन हवे. सहामाहीत एक पुस्तक, पाठ्यपुस्तकाबाहेरचे, मुलाने स्वतः निवडलेले. शाळेच्या कपाटातली पुस्तके कुलपात राहिली तर त्यांना वाळवी वाचते! ती फाटली तरी चालतील, पण बाहेर यावीत. मारुती चितमपल्ली यांचे 'नवेगावबांधचे दिवस' आपल्या जिल्ह्याच्या प्रत्येक शाळेत असावे. हे गृहस्थ सोलापूरचे. वनाधिकारी म्हणून येथे आले, पक्षी आणि झाडे पाहिली, रानातल्या माणसांकडून त्यांची नावे शिकले आणि रोज टिपून ठेवले. त्या टिपणांतून मराठीला मोठे लेखन मिळाले. २००६ साली ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने आपल्या गावात काय पाहिले, हे आपल्या मुलांनी वाचू नये काय? ज्या घरात रात्री वाचायला निवांत जागा नाही, त्या मुलासाठी शाळेतच रोज पंधरा मिनिटे मूक वाचनाची ठेवावीत. वाचलेल्या पुस्तकावर निबंध मागू नका. "कोणते पान पुन्हा वाचावेसे वाटले?" एवढे विचारा.

पालक म्हणतील, "हे सारे ठीक, पण गुरुजी, मार्क किती मिळतील?" प्रश्न रास्त आहे. गरिबाच्या मुलाला गुणांची गरज जास्तच असते. पण मराठीच्या कृतिपत्रिकेत आता न वाचलेला उतारा येतो आणि स्वमतही विचारतात. न वाचलेला उतारा पाठ कसा करणार? आणि स्वतःचे मत गाइडात कसे सापडणार? तेथे वाचायची सवय झालेले मूलच टिकते. म्हणून या कामात परीक्षेचे नुकसान नाही. पाठांतराची जागा पाठांतराला असू द्या. सनावळ्या पाठ हव्यातच. फक्त साऱ्या अभ्यासाची जागा तिला देऊ नका.

मायबापहो, आपल्याकडे मागणे थोडेच आहे. मूल वही घेऊन काही विचारायला आले तर त्याला उडवून लावू नका. जे आठवते ते सांगा. जे आठवत नाही, त्यासाठी कोणाकडे जावे ते सांगा. आणि शिक्षकमित्रहो, येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर, भाषणांच्या आधी, आपल्या शाळेतल्या दोन मुलांना गावासमोर उभे करा आणि त्यांनी लिहिलेली तलावाची किंवा बाजाराची हकीगत वाचायला सांगा. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी उठून नक्की म्हणेल, "पोरा, एक गोष्ट राहिली." ती राहिलेली गोष्ट वहीत लिहून घ्या.