डिझेल गाडीचा मेंदू आणि त्याची नाडीपरीक्षा



वसंतातल्या या व्यासपीठावर इतिहास, काव्य आणि राजकारण यांचा पाहुणचार नेहमीच होत असतो. ग्रीस-तेलाने ज्यांचे हात काळे झालेले आहेत अशांना येथे बोलवावे असे चालकांच्या मनात आले, हे त्यांचे धाडसच म्हटले पाहिजे. विषयही तसा रूक्ष आहे. जुन्या डिझेल व्हॅनचे इंजिन ज्या इलेक्ट्रॉनिक पेटीच्या आज्ञेने चालते, जिला गॅरेजात सारे 'ईसीयू' म्हणतात, तिचा दोष ओळखावयाचा कसा, हे आम्हांस सांगावयाचे आहे. परंतु जून उजाडला की आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे अशाच व्हॅनमधून शाळेत जाऊ लागतील, आणि त्या व्हॅनवर एखाद्या कुटुंबाची चूलही पेटत असेल. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली ऑग्सबर्ग येथे यशस्वी रीतीने चालले. बॉश यांचा इंधन फवारणारा पंप १९२७ पासून कारखान्यातून बाहेर पडू लागला. पुढे कित्येक दशके डिझेलचा कारभार यांत्रिकच राहिला. डिझेल मिळाले, हवा मिळाली आणि सेल्फ फिरला, की इंजिन चालू. बॅटरी गेली तर चार माणसांनी ढकलावी. त्या काळचे मिस्त्री इंजिन कानाने तपासत, आणि त्यांचे कान खरोखरच तयार असत. १९९७ साली 'कॉमन रेल'ची पद्धत प्रवासी मोटारीत आली आणि हा कारभार बदलला. आता डिझेल एका नळीत प्रचंड दाबाने साठविलेले असते. ते कोणत्या क्षणी, किती आणि किती वेळ फवारावयाचे, हे ईसीयू ठरवितो.

येथे एक इशारा मध्येच देऊन ठेवतो. कोणता सिलिंडर मेला आहे हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करण्याची जुनी रीत होती. कॉमन रेलच्या गाडीवर ती कदापि करू नये. त्या नळीत हजार बारच्याही वर दाब जातो, आणि त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. हात गमावण्याची वेळ येते.

आता मूळ मुद्दा. ईसीयू ही पेटी स्वतः काही पाहत नाही आणि ऐकत नाही. दरबारात बसलेल्या राजाप्रमाणे ती हेरांच्या बातम्यांवर चालते. क्रँकचा सेन्सर फेऱ्या सांगतो, रेलचा सेन्सर दाब सांगतो, पेडलचा सेन्सर चालकाची इच्छा सांगतो. यांतील बहुतेक हेरांना ईसीयूच ५ व्होल्टचा शिधा पुरवितो. शिधा बंद झाला की हेर खोटे बोलू लागतात, आणि लोक म्हणतात, राजा वेडा झाला.

अशीच एक व्हॅन आमच्याकडे आली होती. मालक शाळेची मुले ने-आण करीत आणि सुट्टीत भाडी मारीत. गाडी सपाटीवर ठीक चाले. घाट चढू लागली की झटके खाई आणि बंद पडे. पुढे पुढे ती जागेवरही चालू होईना. दुसऱ्या एका गॅरेजात स्कॅनर लावला तेव्हा एकदम चार कोड निघाले : पेडल, रेलचा दाब, टर्बोचा दाब आणि पी ०६४२. चार सेन्सर एकाच वेळी कसे मरतील, तेव्हा ईसीयूच गेला, असा निकाल त्यांनी दिला. निकालातला पहिला अर्धा भाग बरोबर होता. मालकांनी पतपेढीकडे कर्जाचा अर्जही लिहून तयार ठेवला होता.

आम्ही प्रथम पेटीला अन्नपाणी मिळते का ते पाहिले. येथे पुष्कळांची फसगत होते. मीटर लावला की तो १२ व्होल्ट दाखवितो आणि माणूस निश्चिंत होतो. वस्तुतः तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्टच दाखवील, कारण मीटर वीज पीत नाही. त्या जागी २१ वॉटचा बल्ब जोडून पाहावा; तो मिणमिणला तर तार किंवा रिले कुजला आहे असे समजावे. अर्थिंगचेही तसेच. सेल्फ मारताना ईसीयूची अर्थ-तार आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मीटर धरावा. व्होल्टाचा पाव हिस्साही तेथे दिसता कामा नये. गंजलेल्या अर्थिंगने जितके ईसीयू विनाकारण बदलले गेले, तितके पाण्यानेही बिघडले नसतील असे आमचे मत आहे.

या गाडीत दोन्ही ठीक निघाले. सेल्फ मारताना स्कॅनरवर इंजिनच्या फेऱ्याही दिसत होत्या. म्हणजे क्रँकचा सेन्सर जिवंत होता आणि पेटी विचार करीत होती. मग पेडलच्या कपलरमध्ये ५ व्होल्टची तार मोजली. ०.७ व्होल्ट! एखाद्या सेन्सरमध्ये शॉर्ट झाला की तो साऱ्या पंगतीचा शिधा खातो. म्हणून त्या तारेवरचे सेन्सर आम्ही एकेक करून काढीत गेलो. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो चोर. परंतु शेवटचा सेन्सर काढला तरी काटा हलला नाही.

आणि येथे आम्ही चुकलो. सारे हेर बाजूला केले, तरी शिधा नाही, म्हणजे दोष पेटीचाच, असे आम्ही मालकांना सांगून टाकले. ते काही बोलले नाहीत. नुसती मान हलविली आणि फोन करण्यास बाहेर गेले. त्यांची ती पाठ पाहून आम्हांस आठवले, की राजा आणि हेर यांच्यामध्ये रस्ता असतो, आणि तो रस्ता आम्ही पाहिलेलाच नाही.

बॅटरीची तार काढली, ईसीयूचे दोन्ही कपलर काढले, आणि त्या ५ व्होल्टच्या एकट्या तारेचा बॉडीशी रोध मोजला. ती आता कोणालाच जोडलेली नव्हती. मीटरने अनंत दाखवावयास हवे होते. त्याने ३ ओहम दाखविले. तार वाटेत कोठेतरी लोखंडाला टेकत होती. मग घाटाचे कोडेही सुटले. चढावर जोर पडला की इंजिन आपल्या फाउंडेशन रबरावर एका बाजूस कलते, आणि वायरिंग ओढले जाते. वायरिंगच्या मागे हात घालून आम्ही बोटभर बोटभर चाचपीत गेलो. एका पत्र्याच्या ब्रॅकेटच्या धारेवर वेष्टण घासून तांबे उघडे पडले होते. मालकांना आम्ही आत बोलाविले, आमची चूक सांगितली आणि मीटर त्यांच्याच हाती दिला.

पेटी खरोखरच कधी बिघडत नाही असे नव्हे. पाणी शिरून कपलरच्या पिना हिरव्या पडतात. ईसीयू न काढता बॉडीवर वेल्डिंग केल्याने किंवा ट्रकच्या २४ व्होल्टवर गाडी चालू करण्याच्या आग्रहाने ती जळते. वीज व अर्थ निर्दोष, तारा मोकळ्या, आणि तरीही ५ व्होल्ट नाहीत, तर मात्र पेटी काढावी. तीही प्रथम दुरुस्तीस द्यावी. भंगारबाजारातली दुसरी पेटी आणून जोडली की काम झाले, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. बहुतेक गाड्यांत किल्लीचा इमोबिलायझर तिला ओळखत नाही, आणि अनेक इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला आकडा नव्या पेटीत भरावा लागतो. नाही तर इंजिन खडखडते आणि दोष पुन्हा इंजेक्टरच्या माथी येतो.

त्या व्हॅनला एक वीतभर नवी तार, टेप आणि रबरी नळीचा एक तुकडा लागला. कर्जाचा अर्ज मालकांनी तेथेच घडी करून खिशात घातला. काढलेला जुना तुकडा आम्ही आज बरोबर आणला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी सभा संपल्यावर या टेबलाशी यावे. भिंग आणले आहे, कारण घासलेली जागा तांदळाच्या दाण्याहून मोठी नाही.