मनाचे दोन कप्पे

एकमेकींशी न पटणाऱ्या दोन गोष्टी माणूस एकाच वेळी खऱ्या कशा मानतो? लिओन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली यावर पुस्तक लिहिलं. अशी विसंगती मनाला टोचते. मग माणूस एखादी समजूत बदलतो, नाहीतर सबब शोधतो, असं त्याचं म्हणणं.

आमच्या वऱ्हाडात ही टोचणी ओळखणारा माणूस आधीच होऊन गेला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. नवस, बकऱ्याचा बळी, कर्ज काढून केलेली यात्रा यांवर ते कीर्तनातून कोरडे ओढत. आणि धर्मशाळा बांधल्या त्या पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा तीर्थांच्या गावीच! यात मला विसंगती दिसत नाही. देवळाकडे निघालेला, उघड्यावर झोपणारा गरीब माणूस त्यांना दिसत होता.

खरी विसंगती देवळाच्या दारात होती. चोखोबांचे अभंग भक्तिभावाने गायचे आणि त्यांच्याच समाजाला विठ्ठलाचं दार बंद ठेवायचं. १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केलं, तेव्हा ते उघडलं. शेकडो वर्षं भाविकांनी हे कसं निभावलं? मनाचे दोन कप्पे करून. अभंग एका कप्प्यात, विटाळ दुसऱ्यात. दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

आम्ही मुसलमानही यातून सुटलेलो नाही. अल्लाहशिवाय कुणापुढे हात पसरू नये म्हणतो आणि लेकराचा ताप उतरावा म्हणून दर्ग्याच्या जाळीला दोरा बांधतो. विचारलं तर उत्तर तयार असतं, 'मागतो अल्लाहलाच, बाबा फक्त शिफारस करतात.' त्या आईची सबब मी खोडायला जात नाही. तिच्या दोऱ्याने कुणाचं काही जात नाही.

पण माझी कविता ऐकून 'तुम्ही तर आपलेच' म्हणणारे गृहस्थ खोली भाड्याने द्यायची वेळ आली की आधी नाव विचारतात. दोन्ही वेळा ते मनापासूनच बोलतात. फरक इतकाच, की या विसंगतीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. अशी विसंगती सांभाळून घेऊ नये.

ती मोडायची कशी? बाबा कीर्तनात समोरच्यांना साधे प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. आपल्या दोन्ही समजुती माणसाला एकापाठोपाठ मोठ्याने बोलायला लावायच्या. भांडण नको. स्वतःच्या कानाने ऐकलं की तो आपणच थबकतो.