बार्टल्सव्हिल: तेलाचं गाव, कुलूपबंद टॉवर

आज जाऊया अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिलला.

प्रोजेक्टसाठी टल्सात होतो, तेव्हा हिवाळ्यातल्या एका शनिवारी सकाळीच निघालो. उत्तरेला तासाभराचा रस्ता. बघायचा होता फ्रँक लॉइड राइटचा प्राइस टॉवर, १९५६ चा, १९ मजली. पोचलो तर दाराला कुलूप! टॉवर २०२४ मध्येच बंद झालेला आणि मी साधं गूगलही न करता आलेलो. म्हणे सॉफ्टवेअर इंजिनिअर!

मग फुटपाथवरूनच मान वर करून बघत राहिलो. तांब्याचे हिरवट पत्रे, तिरके कोन. राइटनं हे झाडच मानलं होतं. मधे काँक्रीटच्या भिंतींचा बुंधा, त्यातून फांद्यांसारखे बाहेर आलेले मजले. मूळ डिझाइन १९२० च्या दशकातलं, न्यूयॉर्कसाठी. ते तिथं झालंच नाही. पुढे इथल्या हॅरल्ड प्राइसला ऑफिस हवं होतं. त्याची कंपनी तेलाच्या पाइपलाइन टाकायची. त्याच्या मनात होती दोन-तीन मजल्यांची बुटकी इमारत, राइटनं त्याला १९ पर्यंत चढवलं. क्लायंटची रिक्वायरमेंट बदलायची तर अशी!

तिथून जॉनस्टोन पार्कात गेलो. १८९७ मध्ये इथं नेली जॉनस्टोन नंबर १ या विहिरीला तेल लागलं. एका भागीदाराच्या छोट्या मुलीचं नाव ते. तेव्हा हा भाग चेरोकी नेशनचा. तेल लागलं खरं, पण न्यायचं कसं? रेल्वे आली १८९९ मध्ये, तोवर विहीर झाकून ठेवली. प्रॉडक्ट रेडी, डिलिव्हरी नाही. आता तिथं लाकडी डेरिकची प्रतिकृती आहे.

पुढे १९१७ मध्ये फिलिप्स पेट्रोलियम इथंच उभी राहिली आणि गाव तिच्यावर वाढलं. २००२ च्या विलीनीकरणानंतर मुख्यालय ह्यूस्टनला गेलं.

दुपारी वूलारॉकही पाहिलं. फ्रँक फिलिप्सचं रँच, आता म्युझियम. रस्त्यालगत चरणारे बायसन, आत पश्चिम अमेरिकेची चित्रं. त्यावर वेगळा भाग करीन.

डेरिकपाशी उभं राहून बाबांना व्हिडिओ कॉल लावला होता. तिकडे रात्रीचे साडेनऊ. मी कारखान्याच्या कॉलनीत वाढलो. भोंगा बंद झाला त्या वर्षी आमच्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी झाली होती. बाबांना डेरिक दाखवला, टॉवरचे फोटो दाखवले, मुख्यालय गेल्याचं सांगितलं.

"मग आता गावात कोणी आहे का?"

"आहेत ना. तेल कंपन्यांची ऑफिसं आहेत अजून."

"बरं आहे. आपली तर चिमणीसुद्धा भंगारात विकली."

मग आईनं फोन घेतला आणि विचारलं, टोपी घातलीस का.