कंसातलं मरण
(अभ्यासवर्गातील भाषण)



पोलीस स्टेशन, कोर्टाच्या तारखा, मोर्चे यांतून वेळ काढून इंग्रजी कादंबरी कशाला वाचायची, हा प्रश्न आमच्या गटातही पहिल्याच दिवशी आला. व्हर्जिनिया वुल्फची १९२७ साली आलेली 'टू द लाइटहाऊस' आम्ही ११ जणींनी ८ बैठकांत वाचली. तिघी इंग्रजीतून मोठ्याने वाचायच्या आणि परिच्छेदागणिक मराठीत सांगायच्या. "कळलं नाही" म्हणायला लाजायचं नाही, एवढाच नियम.

कादंबरी अवघड आहे. रॅमझे कुटुंब स्कॉटलंडजवळच्या बेटावर सुट्टीला आलंय. धाकट्या मुलाला दीपगृहावर जायचंय. घटना एवढीच. विचार एकीच्या मनातून दुसऱ्याच्या मनात कधी जातो, कळत नाही. आम्ही वैतागलो, तेव्हा एक कार्यकर्ती म्हणाली, "तक्रार घेऊन येणारी बाई अशीच बोलते की! मार कालचा, पण सुरुवात लग्नातल्या साडीपासून." समाजकार्याच्या शिक्षणात मी केस-हिस्टरी क्रमवार लिहायला शिकले. तो क्रम फॉर्मचा असतो. दुखण्याचा क्रम वेगळा. तो ऐकण्याची सवय या वाचनाने लागते.

मधल्या भागात दहा वर्षं सरतात, पहिलं महायुद्ध होऊन जातं. आठ मुलांची आई, सगळ्यांची मनं सांभाळणारी मिसेस रॅमझे मरते, आणि आपल्याला ते कंसातल्या एका वाक्यात कळतं. मुलगी प्रू बाळंतपणातल्या दुखण्याने जाते, तेही कंसात. यावर कडाक्याचं भांडण झालं. काहींना लेखिका निष्ठुर वाटली. काहींचं म्हणणं, जग बाईच्या मरणाची नोंद अशीच करतं. आपल्या फायलींत तरी काय असतं? 'अर्जदार मयत, केस बंद.' एकमत झालं नाही. पण दोघींनी जुन्या फायली काढून त्या बायकांबद्दल आठवेल ते लिहायला घेतलं.

दुसरा वाद स्वयंपाकघरावरून. मेजवानीची वाहवा मिसेस रॅमझेला मिळते. तो पदार्थ मात्र स्वयंपाकीण मिल्ड्रेड तीन दिवस खपून करते. हे आधी पकडलं ते आमच्यातल्या घरकाम करणाऱ्या मैत्रिणीने. पुढे ओसाड पडलेलं घर झाडूनपुसून उभं करणारी म्हातारी मिसेस मॅकनॅब आली, तेव्हा ती म्हणाली, "आता खरी गोष्ट सुरू झाली." लिहिणाऱ्या बाईला स्वतःची खोली आणि वर्षाला ५०० पौंड हवेत, असं वुल्फने १९२९ मध्ये मांडलं. ती खोली झाडणार कोण, हे आम्हाला त्या दिवशी विचारावं लागलं.

शेवटी लिली ब्रिस्को आपलं चित्र पुरं करते. बायकांना हे जमत नाही, असं तिने ऐकलेलं असतं. चित्र माळ्यावर पडेल, हेही ती जाणून असते. तरी करते.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने महिन्यातली एक संध्याकाळ अवघड पुस्तकासाठी राखावी. प्रत एकच पुरते. मोठ्याने वाचणारी एक हवी, आणि तिला मध्येच थांबवणाऱ्या पाच-सहा जणी हव्यात.